सोसायटीतल्या मांजरांसाठी खाण्याची जागा: अर्ज नेमका कुठे अडतो

सोसायटीच्या कमिटीला दिलेले बहुतेक अर्ज ‘माझी मांजरं’ या दोन शब्दांपायी अडकतात. माझी म्हटलं की सेक्रेटरी म्हणतो, मग घरात ठेवा. आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय सोसायटीने करावी, असं प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधला नियम २० सांगतो; पण तो ज्या प्राण्यांसाठी आहे, त्यांच्यावर कोणीच मालकी सांगितलेली नसावी लागते. म्हणून ‘आवारात राहणारी, मालक नसलेली सात मांजरं’ असं लिहा. जीव कितीही लागलेला असो, अर्जात तो नको.

दुसरं ठरलेलं उत्तर: ‘हे नियम कुत्र्यांचे.’ २००१ चे नियम खरंच कुत्र्यांचे होते, नावातच तसं होतं. मार्च २०२३ मध्ये नवे नियम आले तेव्हा नावातून कुत्रा गेला आणि नियम २० च्या सुरुवातीला सामुदायिक प्राणी (म्हणजे वस्तीतले, मालक नसलेले) आले. पण त्याच नियमात पुढे जागा ठरवताना कुत्र्यांच्या संख्येचा उल्लेख तसाच आहे, आणि कमिटी बरोब्बर तिथेच बोट ठेवते. अर्जाला नियमाची प्रत जोडताना पहिलं वाक्य अधोरेखित करून द्या.

पात्रता एवढीच की तुम्ही तिथे राहता आणि खाऊ घालता, किंवा घालू इच्छिता. भाडेकरूकडे शेअर सर्टिफिकेट मागणं म्हणजे निव्वळ अडवणूक, भाडेकरार पुरतो. ‘प्राणी-काळजीवाहकाचं कार्ड आणा’ असंही ऐकवतात. नियम २० मध्ये अशा कार्डाची अट नाही.

खरा कागद, जो कोणाकडेच नसतो, तो म्हणजे मांजरांची यादी. ‘दहा-बारा असतील’ याला अर्थ नाही. आठवडाभर ठरावीक वेळी बसा आणि प्रत्येकीचा फोटो, रंग, बोका की भाटी, कानाचं टोक कापलेलं आहे का (म्हणजे नसबंदी झालेली) हे टिपून घ्या. नसबंदीसाठी पालिकेकडे किंवा संस्थेकडे जाल तेव्हा हीच यादी लागेल. नुसतं खाऊ घालत राहिलात तर पाच-सहा महिन्यांची भाटीही गाभण राहते आणि नऊ आठवड्यांत विते. मात्र अंगावर पिणारी पिल्लं असलेल्या भाटीला पिंजऱ्यात धरू नका, पिल्लं मरतील.

जागा तुम्हीच सुचवा. मुलांच्या खेळण्याची जागा, ये-जा करायची दारं आणि जिने यांपासून ती लांब हवी. वेळ कमी वर्दळीची. लोक हट्टाने जिन्याखालचा कोपरा मागतात आणि नकार घेऊन येतात. पंपरूमची मागची बाजू बघा. सफाई तुमच्याकडे.

अर्ज देऊन पोच घ्या. सही नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तराची मुदत नियमात नाही, तेव्हा अर्जातच तारीख घाला. वाद झालाच तर मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी अध्यक्ष असलेली प्राणी कल्याण समिती निर्णय देते. तिच्यात पोलीस, प्राणी संस्था, तक्रारदार आणि सोसायटीचा प्रतिनिधी असतात. लोक आधी चौकीत जाऊन दिवस घालवतात. त्यापेक्षा ही समिती नेमण्याची लेखी मागणी पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे द्या. पोचेची प्रत जपा. सेक्रेटरी बदलला की नवा पहिल्यांदा तीच मागतो.