डॉल्फिन सरावले, की निघून गेले?

‘डॉल्फिन आता बोटींना सरावले आहेत, त्यांना काही त्रास होत नाही,’ असे तारकर्लीपासून पार ऑस्ट्रेलियापर्यंत ऐकायला मिळते आणि डॉल्फिनचा हसरा चेहरा पाहून ते पटतेही. वास्तविक ते हसू म्हणजे केवळ जबड्याची ठेवण आहे. मेलेला डॉल्फिनही तसाच हसताना दिसतो.

डफस आणि डिअरडन या अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडले होते की, वन्यजीव पाहायला आधी मोजके जाणकार येतात आणि गाजावाजा झाला की ज्यांना खात्रीने, जवळून आणि कमी कष्टात प्राणी पाहायचा असतो, असे पर्यटक वाढतात. बोटी वाढल्यावर काय घडते, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे मोजले गेले. तेथे पर्यटनाचा एक आणि बोटी फारशा न फिरणारा शेजारचा एक, असे प्रत्येकी ३६ चौरस किलोमीटरचे दोन पट्टे साडेचार-साडेचार वर्षांच्या तीन कालखंडांत तपासण्यात आले. डॉल्फिन दाखवणारा व्यावसायिक नसताना आणि एकच असताना डॉल्फिनांच्या संख्येत फरक पडला नाही. दुसरा आल्यावर मात्र पर्यटनाच्या पट्ट्यात ती सरासरी १४.९ टक्क्यांनी, म्हणजे सातांमागे एकाने, घटली. शेजारच्या पट्ट्यात अशी घट झाली नाही.

खरी गंमत पुढे आहे. मुद्दाम बोट जवळ नेऊन पाहिली, तेव्हा वर्दळीच्या पट्ट्यातील डॉल्फिन कमी बिचकले आणि शांत पट्ट्यातील अधिक. एवढेच पाहणारा ‘सरावले’ असाच निष्कर्ष काढील. परंतु सरावणे म्हणजे एकाच प्राण्याची प्रतिक्रिया काळानुसार मंदावणे. दोन वेगळ्या गटांची तुलना करून ते सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षे कर्णा वाजणाऱ्या मांडवाशेजारच्या बिऱ्हाडांना आवाजाबद्दल विचारावे, तर बहुतेक जण ‘चालते’ म्हणतील, कारण ज्यांना चालत नव्हते ते घर बदलून गेलेले असतात. गणतीची जोड मिळाल्यामुळेच शार्क बेमध्ये हे उलगडले: बिचकणारे डॉल्फिन हटले असावेत आणि मागे उरलेल्यांनाच आपण ‘सरावलेले’ म्हणत होतो.

शार्क बेमधील डॉल्फिनांची संख्या मोठी असल्याने या घटीने ते नामशेष होण्याची भीती नव्हती. धोका होता तो त्यांच्यावर चालणाऱ्या धंद्यालाच. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि तेथील सरकारने व्यावसायिकांचे परवाने दोनावरून एकावर आणले.