लेबर रेट आणि मटेरियलसह: पोटठेक्याचे दोन प्रकार

सांगली, मिरज, कुपवाडच्या मोठ्या साइटवर सेंटरिंग (काँक्रीटचा साचा-टेकू), सळई, प्लास्टर, फरशी ही कामं वेगवेगळ्या पोटठेकेदारांकडे जातात. दर ठरवताना सगळे फक्त आकडा बघतात. खरा प्रश्न आहे नासाडी कोणाच्या खिशातून जाते हा.

लेबर रेटमध्ये माल मुख्य ठेकेदाराचा, माणसं आणि हत्यारं पोटठेकेदाराची. बिल मापावर होतं: प्लास्टर ब्रासवर (100 चौरस फूट), सळई किलोवर. त्यामुळे त्याला उरकायची घाई असते आणि खाली सांडलेला माल त्याला टोचत नाही. 12 मिमी जाडीच्या 1:4 (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टरला ब्रासमागे साधारण एक गोणी सिमेंट लागतं. विटकाम ओळंब्यात (सरळ उभं) नसेल तर जाडी 20 मिमीवर जाते आणि तेच सिमेंट पावणेदोन गोण्यांच्या घरात पोचतं. मग प्लास्टरवाला वीटवाल्याकडे बोट दाखवतो, वीटवाला तोवर बिल घेऊन गेलेला असतो. म्हणून प्लास्टर सुरू होण्याआधी दोघांसमोर भिंत ओळंब्यानं तपासावी, मापवहीत सही घ्यावी आणि मगच विटकामाचं शेवटचं बिल काढावं.

सळईत वाद वजनाचा. 12 मिमी सळई सूत्रानं (व्यासाचा वर्ग भागिले 162) मीटरला 0.89 किलो भरते, पण मानकात या व्यासाला 5 टक्के कमी-जास्त चालतं. 10 टनांवर हा फरक 500 किलोपर्यंत जातो. बिल वजनकाट्यावर की सूत्रावर, हे आधीच लिहून घ्या. बाइंडिंग वायर (सळई बांधायची तार) आणि कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे) कोणाचे, तेही.

मटेरियलसह, म्हणजे मालही पोटठेकेदाराचाच, असं काम दिलं की नासाडीची काळजी पोटठेकेदारच करतो, पण आता काटकसर थेट मालात शिरते. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला घनमीटरमागे सुमारे 8 गोण्या पडायला हव्यात. ओतताना रिकाम्या गोण्या मोजा, त्याच काँक्रीटचे 150 मिमीचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरा, 7 आणि 28 दिवसांनी ताकदीसाठी दाबून बघा. स्लॅब ओतून झाल्यावर तक्रारीला अर्थ नसतो. कृष्णेकाठच्या सखल साइटवर पावसाळ्यात साठवलेलं सिमेंट भिजलं तर नुकसान कोणाचं, हेही करारात हवं. लेबर रेटमध्ये ते मुख्य ठेकेदाराचंच.

मजुरीच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखेच. पोटठेकेदारानं मजुरांचे पैसे बुडवले तर कायद्यानं जबाबदारी वर, मुख्य ठेकेदारावर येते. पुढचं रनिंग बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं दिलं जाणारं) देण्याआधी हजेरीपत्रक आणि पगार दिल्याची नोंद मागून घ्या.