केप ग्रिम हवामापन केंद्र

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकावर, समुद्रसपाटीपासून ९४ मीटर उंचीच्या कड्यावर असलेले केंद्र. वातावरणातील लेशवायूंची दीर्घकालीन नोंद येथे ठेवली जाते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या वायूंना लेशवायू म्हणतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन आणि कारखान्यांतून आलेले, ओझोनच्या थराला घातक ठरलेले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) हे त्यांपैकी काही. केंद्राची व्यवस्था ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते पाहते. तेथील संशोधनात सीएसआयआरओ या सरकारी संस्थेचा मोठा वाटा आहे.

मोजणी एप्रिल १९७६ मध्ये ‘नासा’ने वापरून झालेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये सुरू झाली, पक्की इमारत १९८१ ची. ‘ग्रिम’ म्हणजे भेसूर. हे नाव १७९८ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्द्याने दिले. १८२८ मध्ये याच कड्यांपाशी मूळ रहिवाशांचे हत्याकांड झाले. या जागेचे त्यांच्या भाषेतले ‘केनाऊक’ हे नाव आता ‘केप ग्रिम’ला अधिकृतपणे जोडून लिहिले जाते.

इतक्या आडवळणाची जागा निवडली ती वाऱ्यासाठी. ४० अंश दक्षिण अक्षांशापलीकडच्या ‘गरजणाऱ्या चाळीस’ पट्ट्यातले पश्चिमी वारे हजारो किलोमीटर दक्षिण महासागरावरून वाहत येऊन थेट या कड्याला धडकतात. वाटेत ना शहर, ना शेत, ना जंगल. त्यामुळे ही हवा एका गावाची किंवा देशाची न राहता दक्षिण गोलार्धातील मोठ्या भागाचा नमुना ठरते. तिला आधारभूत हवा म्हणतात.

वारा मात्र नेहमी मनासारखा नसतो. उत्तरेकडून वाहू लागला की सामुद्रधुनीपलीकडच्या मेलबर्न शहराची हवा येते. म्हणून १९० ते २८० अंशांदरम्यानच्या, म्हणजे ढोबळमानाने नैर्ऋत्येच्या वाऱ्यातली हवाच आधारभूत मानतात. तिच्यातले सूक्ष्म धूलिकणही मोजून पाहतात. आणखी एक साक्षीदार म्हणजे रेडॉन. हा किरणोत्सारी वायू मुख्यतः जमिनीतून निघतो आणि पावणेचार-चार दिवसांत निम्मा होतो. हवेत रेडॉन जास्त आढळला, तर ती नुकतीच जमिनीवरून आली आहे हे उघड होते, मग वारा कुठूनही येवो. आधारभूत नसलेल्या हवेच्या नोंदी फेकून देत नाहीत. मेलबर्नमधून काय सुटते हे त्यांवरूनच कळते.

येथे १९७६ मध्ये कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ३३० भाग होता. मे २०१६ मध्ये त्याने ४०० चा आकडा ओलांडला. दक्षिण गोलार्धात जमीन आणि झाडी कमी, त्यामुळे ऋतूंनुसार होणारा चढउतार जेमतेम एका भागाचा असतो. हवाईतील मौना लोआवर तो सहाच्या आसपास आहे. केप ग्रिमचा आलेख म्हणूनच जिन्यासारखा सरळ चढत गेलेला दिसतो.

केंद्राची सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट म्हणजे हवेचे संग्रहालय. १९७८ पासून दर काही महिन्यांनी येथील स्वच्छ हवा पोलादी टाक्यांत भरून ठेवली जाते. टाकी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात, आत येणारी हवा थंडीने द्रवरूप होते आणि लहानशा टाकीत भरपूर हवा मावते. जे वायू मोजण्याची उपकरणेच तेव्हा नव्हती, ते पुढे या टाक्या उघडून मोजता आले. शीतकाच्या निर्मितीत उपउत्पादन म्हणून सुटणाऱ्या एचएफसी-२३ या वायूचा १९७८ पासूनचा इतिहास असाच उलगडला.

आयर्लंडमधील मेस हेड, बार्बाडोसमधील रॅग्ड पॉइंट, दक्षिण कोरियातील जेजू बेटावरचे गोसान ही अशीच किनारी केंद्रे. बंदी असलेला सीएफसी-११ अपेक्षेइतक्या वेगाने घटत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागच्या नव्या उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढल्या वर्षी दाखवता आले, ते गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावरील नोंदींमुळे. तिथे उपयोगी पडली ती जमिनीवरून आलेली ‘मळकी’ हवा.

भारतातही असा प्रयत्न झाला. गोव्यात काणकोण तालुक्यातील काबो द राम येथे १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले. मध्ये काही वर्षे खंडही पडला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि सीएसआयआरओ यांचे हे काम होते. बाटल्यांत भरलेली हवा तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला जाई. हिवाळ्यात तेथे ईशान्येकडून, देशाच्या अंतर्भागातली हवा येते आणि मिथेन, कार्बन मोनॉक्साइड वाढतात. पावसाळ्यात विषुववृत्त ओलांडून आलेला नैर्ऋत्य मोसमी वारा असतो. त्या महिन्यांत भातखाचरे तुडुंब भरलेली असतात, त्यांतून मिथेन निघत असतो, आणि नेमका तेव्हाच काबो द रामच्या कड्यावरच्या हवेत तो वर्षातला सर्वांत कमी असतो. खाचरे कड्याच्या पाठीमागे आहेत; वारा समोरच्या समुद्रावरून येतो.