ब्रेकची हवा काढणे : प्रेशर ब्लीडरची एकहाती पद्धत

हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा आणि जुने तेल बाहेर काढून नवे तेल भरणे, या कामाला गॅरेजमध्ये ‘ब्रेकची हवा काढणे’ म्हणतात. रूढ पद्धतीने हे दोघांचे काम आहे. मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर तेलावर देणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) टाकीवर बाहेरून दाब देणारा प्रेशर ब्लीडर लावला, तर ते एकट्याला करता येते. मराठवाड्यात अजून जपून ठेवलेल्या महिंद्रा जीप, अॅम्बॅसिडर, पद्मिनी अशा गाड्यांसाठी ही पद्धत फार मोलाची आहे, आणि त्याचे कारण एक माणूस वाचतो एवढेच नाही.

तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून थेट चाकातल्या सिलिंडरपर्यंत पोचतो. हवा दबते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर तो चेपण्यातच संपतो आणि पेडल स्पंजसारखे मऊ लागते. पेडल खाली जाते पण शेवटी टणक लागते, असे असेल तर दोष बहुधा हवेचा नसून लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारे भांडे) यांच्यात वाढलेल्या अंतराचा असतो. म्हणून चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत आधी लायनर ॲडजस्ट करून घ्यावे, मग हवेकडे वळावे. हा क्रम चुकला की लिटरभर तेल वाया जाते आणि पेडल होते तसेच राहते.

दोघांच्या पद्धतीत मिस्त्री गाडीखाली निपलवर (चाकाजवळच्या हवा सोडण्याच्या स्क्रूवर) पाना धरून असतो आणि सीटवर पेडल मारायला हेल्पर, नाहीतर मालकाचा पोरगा. खालून आवाज येतो, ‘मार… मार… आता दाबून धर!’ निपल उघडते, तेल फसकन बाहेर येते. निपल बंद व्हायच्या आत वरचा पाय सुटला की हवा परत आत. पण खरे नुकसान याहून वेगळे आणि न दिसणारे आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन थोडाच पुढे सरकतो. त्याच्या पलीकडच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साठलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत जाते, जुने रबर त्या खरबरीत भागावर घासते आणि फाटते. सकाळी बरी असलेली गाडी दुपारी मास्टर सिलिंडर गळतोय म्हणून उभी राहते, ती अनेकदा यामुळेच. प्रेशर ब्लीडरने काम करताना पेडलला हातही लागत नाही. जुन्या गाडीसाठी ही पद्धत निवडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

ब्लीडर म्हणजे तेलाची बाटली, हातपंप, दाब दाखवणारे घड्याळ आणि टाकीच्या तोंडावर घट्ट बसणारे झाकण. काही प्रकारांत हातपंपाऐवजी स्टेपनीतली हवा वापरतात. तेव्हा स्टेपनी आधी २० पाउंडांच्या खाली आणावी लागते. एरवी १० ते १५ पाउंड दाब पुरतो. जास्त दाबाने काम लवकर होत नाही, उलट झाकण उडते. फवारणीच्या छोट्या हातपंपापासूनही ब्लीडर बनवता येतो. मात्र पंप नवा कोराच हवा. कपाशीवर एकदा जरी औषध मारले असेल तरी तो या कामाला घेऊ नये, कारण धुऊनही राहिलेला अंश ब्रेकच्या तेलात जातो.

सगळी मेख झाकणात आहे. जुन्या गाड्यांच्या टाकीची तोंडे वेगवेगळी असतात, त्यामुळे जुळणारे झाकण पुष्कळदा लेथवाल्याकडून कातून घ्यावे लागते. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये तर मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, पत्र्याच्या खाली असतो. फ्लोअरच्या भोकातून वाकून तेल ओतताना निम्मे बाहेर सांडते. तिथे आट्याचे झाकण आणि नळी एकदा बसवली की तेल आपोआप उतरत राहते. झाकण बसवल्यावर पहिला दाब तेलाशिवाय, कोराच द्यावा आणि काटा पाच मिनिटे जागचा हलत नाही ना, हे पाहावे. गळक्या झाकणातून निघालेले ब्रेकचे तेल बॉनेटचा रंग सोलून काढते. सांडलेच तर लगेच भरपूर पाणी ओतावे.

आणखी एक बारकावा. पेडल पूर्ण वर आलेले असेल, तरच टाकीतून सिलिंडरात जाणारे बारीक भोक उघडे राहते. पुशरॉडला (पेडलचा जोर पिस्टनला देणाऱ्या दांड्याला) मोकळी चाल नसेल तर दाब वरच अडतो, निपलमधून थेंबही येत नाही आणि माणूस उगाच नळ्या उलगडत बसतो.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत हा क्रम डावे मागचे, उजवे मागचे, डावे पुढचे, उजवे पुढचे असा येतो. निपलवर आधी रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले. पाव ते अर्धा फेरा सैल केला की आधी काळपट तेल येते, मग बुडबुड्यांची माळ, मग सलग स्वच्छ धार. त्या धारेची खात्री झाली की निपल बंद करून पुढचे चाक घ्यावे. मध्ये बाटलीतले तेल संपू देऊ नये, नाहीतर हवा थेट नळ्यांत जाते. टाकीचे झाकण काढण्यापूर्वी बाटलीतला दाब सोडावा. इंजिन सुरू करण्याआधी पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर दोष हवेचा नाही, मास्टर सिलिंडरच्या रबराचा किंवा गळतीचा आहे. या गाड्यांत बहुधा सर्व चाकांना मिळून एकच सर्किट (तेलाचा मार्ग) असते, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

‘ब्रेक ऑइल’ हा शब्द मराठीत रुळला आहे, पण त्यानेच घोटाळा होतो. ते खनिज तेल नव्हे. टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर सगळी रबरे फुगतात आणि रबर किट बदलण्यावाचून इलाज राहत नाही. नेहमीचे डॉट ३ किंवा डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे दर्जे) ग्लायकॉलचे असते आणि हवेतले पाणी ओढून घेते. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यातले चार महिने शेडमध्ये उभी असलेली गाडी पाणी ओढतच असते. जालना-परभणीच्या सपाट रस्त्यावर ते कळत नाही. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना ड्रम तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम पोकळ लागते. म्हणून गाडी चालो वा उभी राहो, दर दोन वर्षांनी तेल बदलावे.

काढलेले तेल स्वच्छ दिसले तरी परत वापरू नये, आणि शेतात किंवा नालीत ओतू नये. ब्लीडर रॉकेल-पेट्रोलने न धुता ताज्या ब्रेक ऑइलनेच विसळून, निथळून, तोंड बंद करून ठेवावा. नव्या तेलाचा डबा उघडला की त्यावर तारीख लिहावी आणि उरलेले तेल पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नये.