फौजीच्या उशाशी कुत्रं

बेळगाव-खानापूरकडं ‘ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे’ असं कुणी म्हटलं, की पुढचं सांगावं लागत नाही. मनोरुग्णालय तिथं ब्रिटिश काळापासून आहे. अशा मुलखात मनाच्या आजारावर कुत्र्याची मदत होते म्हटलं, की लोकांना ते लाडाचं वाटतं. मुळात ही गोष्ट सैनिकांपासून सुरू झाली.

पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या जवानांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. मनाच्या जखमेची पाळी फार उशिरा आली. अमेरिकेतला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा. पण मानसिक अपंगत्वासाठी शिकवलेलं कुत्रं नियमांत स्पष्ट नोंदलं गेलं ते २०११ पासून. नुसत्या सोबतीनं धीर देणारं कुत्रं मात्र त्यात धरलं नाही. मला हा भेद रास्त वाटतो. शिकवलेलं कुत्रं ठरावीक काम करतं: वाईट स्वप्नात तडफडणाऱ्याला जागं करतं, छाती धडधडू लागली की मांडीवर अंगाचा भार टाकून पडतं, गर्दीत जीव घाबरला की मालकाला दाराकडं नेतं, गोळीची वेळ झाली की नाकानं ढोसतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार काका आहेत. रात्री दोनला दचकून उठतात आणि ओसरीवर येऊन बसतात. त्यांचं गावठी कुत्रं येऊन गुडघ्यावर हनुवटी टेकतं. काकांचा हात त्याच्या कानामागं फिरत राहतो, श्वास हळूहळू खाली बसतो. त्या कुत्र्याला कुणी काही शिकवलेलं नाही. शिकवलं असतं तर ते त्यांना स्वप्नातच उठवतं, हे मला दर वेळी वाटतं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. इथं घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी सापडतो. कुत्र्यांचंही आपल्याला नवल नाही. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या शिकारी कुत्र्याची पिल्लं २०१६ मध्ये लष्करानं मेरठला शिकवायला नेली. त्याच वर्षीच्या आपल्या देशातल्या अपंग हक्क कायद्यानं मानसिक आजाराला अपंगत्व मानलं, पण मदतनीस कुत्र्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे असं कुत्रं घेऊन काका बसमध्ये चढले, तर कंडक्टरला दाखवायला त्या कायद्यातलं एकही कलम त्यांच्याकडं नसेल.