पार्श्वभूमी: देवनारचा डेटा मेरीलँडला का?

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली आणि त्या मदतीवर अनेक देशांत लोकसंख्या-आरोग्याची सर्वेक्षणं चालवणारा ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज’ म्हणजे डीएचएस हा कार्यक्रम अडकला. त्याच्या संकेतस्थळावर डेटासाठी नवे अर्ज घेणं बंद झालं. भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस) फाइली बहुतेक संशोधक तिथूनच उतरवून घेत. सर्वेक्षण भारताचं, घरोघरी फिरणाऱ्या सर्वेक्षक बायका इथल्या, नोडल संस्था मुंबईत देवनारला. आणि फाइल मागायची डीएचएस चालवणाऱ्या, अमेरिकेतल्या मेरीलँडच्या कंपनीकडे. ही वाट कशी पडली हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

देवनारची संस्था 1956 मध्ये सुरू झाली ती डेमोग्राफिक ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर म्हणून. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट असे तिचे तीन पालक. आज तिला आयआयपीएस (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस) म्हणतात. 1985 पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. सुरुवातीला काम होतं लोकसंख्येच्या अभ्यासासाठी माणसं घडवण्याचं. डेटा वाटण्याचा प्रश्नच नव्हता. जनगणनेचे तक्ते छापून येत, पण मूळ नोंदींना 1948 च्या जनगणना कायद्याचं कुलूप: कलम 15 प्रमाणे त्या कुणाला पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जननदर-मृत्युदराचं सर्वेक्षण केलं, त्याचा अहवाल 1953 चा. तेही वाचकांपर्यंत पोचलं ते पुस्तक म्हणून. मूळ नोंदी ज्याच्या त्याच्या कपाटात, हीच त्या काळची रीत.

ती रीत मोडली 1992-93 च्या पहिल्या एनएफएचएसने. पैसा यूएसएडचा, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, तांत्रिक साहाय्य हवाईच्या ईस्ट-वेस्ट सेंटरचं आणि मॅक्रो इंटरनॅशनलचं. मॅक्रो म्हणजे डीएचएस चालवणारी मेरीलँडची कंपनी, पुढे ती आयसीएफ झाली. सुमारे 90,000 विवाहित स्त्रियांच्या मुलाखती डीएचएसच्या साच्यात बसवल्या गेल्या. घाना असो की गोंदिया, प्रत्येक रकान्याचं नाव एकच. व्ही005 म्हणजे नमुन्याचा वेट, हिशेबात कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा. त्याला दहा लाखांनी भागायचं, हे नवा विद्यार्थी हमखास विसरतो. मुलाच्या जन्माची तारीख 1900 च्या सुरुवातीपासूनच्या महिन्यांत मोजलेली, म्हणून जुलै 1992 दिसतो 1111 असा. हा साचा हाताळायला किचकट आहे, पण त्याच्यामुळेच तीस वर्षांच्या फाइली एकमेकींना जोडता येतात. साचा ज्याचा, भांडार त्याचं, हे मग ओघानेच आलं.

खरी कसोटी लागली ती 2005-06 च्या तिसऱ्या फेरीत. एक लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांच्या बोटातून रक्ताचे थेंब कागदावर टिपून एचआयव्हीसाठी तपासले गेले. कागदावर नाव नाही, फक्त बारकोड. तरीही वय, शिक्षण, जात, मुलांची संख्या आणि गाव एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. लहान वस्तीत तर चटकन. म्हणून त्या फेरीच्या सार्वजनिक फाइलींतून जिल्ह्याचा संकेतांकच काढून टाकला. संशोधकांनी बोटं मोडली, कारण दुसऱ्या फेरीत जिल्हा होता. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. अभ्यासाची एक फेरी हुकली तरी चालेल, पण दार उघडून बोललेल्या बाईचं नाव बाहेर फुटता कामा नये.

2015-16 च्या चौथ्या फेरीत जिल्हा परत आला. नमुना सहा लाख घरांवर गेला, कागदी प्रश्नावलीची जागा छोट्या संगणकाने घेतली आणि जिल्हावार आकडे मिळू लागले. सोबत जीपीएसही दिलं गेलं, पण मुद्दाम सरकवून: शहरी क्लस्टर (नमुन्यात निवडलेली वस्ती) 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण 5 पर्यंत आणि त्यांतले शंभरात एक 10 पर्यंत. तालुक्याचा नकाशा काढायला निघालेले इथेच फसतात. बिंदू शेजारच्या गावावर पडलेला असू शकतो. पाचव्या फेरीत (2019-21) 707 जिल्हे होते. तिचा दुसरा टप्पा कोविडमुळे एप्रिल 2021 पर्यंत लांबला.

एव्हाना पैशाचा मोठा वाटा केंद्रीय आरोग्य मंत्रालय उचलू लागलं होतं. वाटपाची सवय मात्र जुनीच राहिली: डीएचएसकडे नोंदणी, विषयाचं चार ओळींचं टिपण, एक-दोन दिवसांत मंजुरी, तीही फुकट. इतकं सोपं असताना दुसरं दार कोण शोधणार? ज्येष्ठांच्या अभ्यासाचा, म्हणजे 2017-18 च्या लासीचा डेटा आयआयपीएस स्वतः अर्ज आणि हमीपत्र घेऊन देते. जोडीला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पोर्टलही आहे. म्हणजे वाटपाची घडी देवनारला बसवता येते. एनएफएचएसच्या जुन्या फेऱ्यांसाठी ती सवय लागायला 2025 उजाडावं लागलं.