मूत्राशय-गर्भाशय फिस्टुला
मूत्राशय आणि गर्भाशय यांना जोडणाऱ्या अनैसर्गिक मार्गाला मूत्राशय-गर्भाशय फिस्टुला किंवा नालव्रण म्हणतात. हा विकार दुर्मीळ असून मूत्रमार्ग व जननमार्ग यांच्यातील सर्व फिस्टुलांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे १ ते ४ टक्के आढळते. बहुतेक रुग्णांमध्ये तो गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेल्या सिझेरियननंतर उद्भवतो.

मूत्राशय गर्भाशयाच्या या भागाला अगदी लागून असते. आधीच्या सिझेरियनमुळे ते व्रणाला चिकटलेले असेल, तर ते खाली सरकवताना फाटू शकते, किंवा गर्भाशयाचा छेद शिवताना एखादा टाका त्याच्या मागच्या भिंतीतून जातो. अशी इजा त्याच वेळी लक्षात येऊन नीट शिवली गेली तर पुढचा त्रास सहसा टळतो. लक्षात आली नाही, तर दोन्ही पोकळ्यांमध्ये वाट तयार होते.

इजिप्तचे स्त्रीरोगतज्ज्ञ युसेफ यांनी १९५७ मध्ये याचे एक वैशिष्ट्यपूर्ण रूप वर्णिले. त्यात योनीवाटे पाळी येत नाही, पाळीच्या दिवसांत लघवीतून रक्त जाते आणि तरीही लघवी गळत नाही. गर्भाशयातील दाब जास्त असल्याने रक्त मूत्राशयाकडे वळते, तर गर्भाशयाच्या मुखाजवळचा अरुंद भाग झडपेसारखा मिटून लघवीला खाली येऊ देत नाही. इतर काही स्त्रियांमध्ये पाळी दोन्ही वाटांनी येते किंवा पाळी नेहमीसारखी राहून योनीवाटे सतत लघवी झिरपते. लघवीवर ताबा असलेल्या स्त्रीच्या बाबतीत रक्ताचे कारण मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जाऊ शकतात. म्हणून लघवी लाल होण्याच्या तारखा पाळीच्या तारखांशी जुळतात का, हे आवर्जून विचारायला हवे. निदानाची दिशा बहुधा या एका प्रश्नातूनच सापडते.

खात्रीसाठी मूत्राशयात निळे द्रावण सोडून ते गर्भाशयमुखातून बाहेर येते का, हे पाहतात. त्याखेरीज दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी, रंगद्रव्य वापरून काढलेले एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांचाही उपयोग होतो.

छिद्र लहान आणि लवकर सापडलेले असेल, तर काही आठवडे कॅथेटर ठेवून आणि संप्रेरकांनी पाळी थांबवून ते आपोआप बुजण्याची शक्यता असते. अन्यथा पोटातून किंवा लॅप्रोस्कोपीने दोन्ही अवयव वेगळे करून स्वतंत्रपणे शिवतात, आणि पुन्हा जोड होऊ नये म्हणून मध्ये बहुधा वपाजालाचा, म्हणजे आतड्यांवरील चरबीयुक्त पडद्याचा, पदर ठेवतात. मूल हवे असणाऱ्या स्त्रीचे गर्भाशय शक्यतो राखले जाते.